हातोडे थांबतात तेव्हा

"आमच्या या तांबट आळीत हातोडे एकदम गप्प झाले, की समजायचं, आळीतलं कुणीतरी गेलं," सुरभीनं झोकात सांगितलं. पाहुण्यांच्या अंगावर आलेला काटा बघून ती भलतीच खूश झाली. शाळेत तोंड न उघडणारी ही पोर आज पहिल्यांदाच लोकांना आपली जुनी आळी हिंडून दाखवत होती, आणि गोष्टी सांगताना थांबायचं नाव घेत नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा हातोडा थांबला. मग समोरचा. मग सगळेच.

"काय टायमिंग आहे गं! ठरवून ठेवलं होतंस ना?" एका पाहुणीनं टाळ्या वाजवल्या.

सुरभीनं मात्र वळून घराकडे पाहिलं. आळीत अंथरुणाला खिळलेलं माणूस एकच होतं, तिचे आजोबा, आप्पा. आणि आज निघायच्या गडबडीत तिनं त्यांना साधं 'येते'सुद्धा म्हटलं नव्हतं. पाहुण्यांना तिथंच सोडून ती घराकडे धावत सुटली. "अगं, ऐक तरी!" एका दुकानातून हाक आली, पण ऐकते कोण!

दारात काका उभा होता. त्यानं वर बोट दाखवलं.

माडीच्या खिडकीत उशांना टेकून बसलेले आप्पा गरजले, "पळतेस कुठं? या ठोक्यांत तुझं एक अक्षरही ऐकू येईना, म्हणून मीच बंद करायला लावले. चल, पहिल्यापासून सांग!"

"आप्पा, जीव गेला ना माझा!" सुरभी रडत ओरडली.

"गेला तर गेला. आवाज मोठा ठेव!"