सोन्याचं मरण

“माझ्या आईलाच विचारा,” लुबेन म्हणाला. “तिच्या नि माझ्या खोलीत नुसती फळ्यांची भिंत. माझा श्वास थांबत असता, तर सगळ्यात आधी तिनंच बोंब मारली असती.”

डॉक्टर नेदेवानं यंत्रातून निघालेला कागद टेबलावर पसरला. छातीचा पट्टा, नाकातली नळी, बोटाचा चिमटा, सगळं लादून लुबेन आदल्या रात्री घरीच झोपला होता. पण पट्टा तीन तासांत सुटला. त्या तीन तासांत त्याचा श्वास शंभरावर वेळा अडला होता, एकदा तर पाऊण मिनिट. तरी एवढ्याशा कागदावर ड्रायव्हरचं लायसन अडवता येत नव्हतं. प्लोवदिव्हच्या मोठ्या इस्पितळात नेऊन अख्खी रात्र तपासायचं, तर नंबर चार महिन्यांनी. तोवर हा खाणीच्या कामगारांची बस रोज घाटातून नेणार. घरातल्या कुणी सांगितलं की हो, झोपेत श्वास थांबतो ह्याचा, तर मात्र लायसन आजच्या आज अडवता येत होतं.

म्हणून त्याच्या आईला, स्टोइनाला, आत बोलावलं.

गाडीत लुबेननं तिला बजावलं होतं. “एवढंच म्हण, घोरतो पण झोपतो चांगला. बस गेली तर मी काय करू? तुझ्या बकऱ्या वळू?”

“बकऱ्यांनी काय पाप केलंय?” ती म्हणाली होती. म्हणजे कबूल.

मागच्या महिन्यात बस कठड्याला घासली होती. लुबेन म्हणाला, मेंढी आडवी आली. बसमध्ये चाळीस माणसं होती. मेंढी एकालाही दिसली नव्हती.

स्टोइना खुर्चीत ताठ बसली. डॉक्टरसाठी आणलेली मधाची बरणी मांडीवर.

“आजी, हा झोपेत मध्येच गप्प होतो का?”

“अगं पोरी, पुरुष जागेपणी गप्प बसत नाही, झोपेत कुठला बसतो? आमच्या घरात घोरतातच. माझा सासरा घोरायला लागला की शेजाऱ्याचं गाढव जबाब द्यायचं.”

लुबेन हसला. डॉक्टर हसली नाही.

“सासरे कशानं गेले?”

आता कुठे कामाचं विचारलं, असं स्टोइनाच्या तोंडावर दिसलं.

“झोपेत. त्रेपन्नाव्या वर्षी. दीर झोपेत. माझा नवरा व्हेल्को एक्कावन्नाव्या वर्षी, झोपेत. आमच्या घरातले पुरुष खाटेवर कुजत नाहीत, बाई. देव अलगद उचलतो. शेजारणीनं नवऱ्याचं पाच वर्षं हगणं-मुतणं काढलं. माझ्या दारात येऊन म्हणायची, स्टोइना, सोन्याचं मरण तुमच्या घरात. दर वर्षी व्हेल्को गेला त्या दिवशी मी दारावर त्याच्या फोटोचा कागद लावते. खाली छापून घेते, झोपेत शांतपणे गेला. येणारा-जाणारा थांबून वाचतो.”

डॉक्टरनं कागद तिच्याकडे फिरवला.

“आजी, ही रेघ श्वासाची. इथं बघा, आडवी झाली. श्वास नाही. ही खालची रेघ रक्तातल्या हवेची. ही उतरत चालली, उतरत चालली. आणि इथं हा धडपडून वर आला. गळा दाबलेला माणूस सुटतो तसा. असं रात्रभर. काळीज किती दिवस सोसणार? तुमच्या माणसांना कुणी तपासलं नव्हतं, मी छातीठोक सांगणार नाही. पण तिघं असे गेले असतील, तर ते शांतपणे नाही गेले.”

स्टोइनानं त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. बोट रेघेवरून पुढे गेलं, आणखी पुढे गेलं. रेघ लांब होती.

“चल, आई,” लुबेन उठला. “सांगितलंस ना तू. झालं.”

“बस खाली.”

तो बसला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण त्या आवाजाला बसला.

“लिही, पोरी. थांबतो हा. रोज थांबतो. मी भिंतीला पाठ लावून मोजते. वीसपर्यंत गेलं की भिंतीवर मुठी हाणते. मग म्हैस पाण्यातून वर यावी तसा फुरफुरून येतो.”

लुबेनचं तोंड उघडंच राहिलं. “ती ठकठक तुझी? तू तर म्हणायचीस, उंदीर झालेत!”

“एवढा मोठा उंदीर बघितलायस कुठं?”

डॉक्टर लिहू लागली. पेनाचा आवाज ऐकला आणि लुबेन पांढरा पडला.

“बुडवलंस, म्हातारे. पोटच्या पोराला बुडवलंस.” मग तो खाली वाकला नि तिचा हात धरला. आवाज लहान पोरासारखा झाला. “मग मार की मुठी. एवढे दिवस मारल्यास, जगलोच ना मी? चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तू आहेस ना पलीकडे?”

स्टोइनानं हात सोडवून घेतला. बरणी टेबलावर ठेवली. डॉक्टरकडे नाही, पोराकडेही नाही, तिनं खिडकीकडे बघितलं.

“तुझ्या बापाला मी कोपर मारायचे. चोवीस वर्षं, रात्रीतून दहा-दहादा. तो गप्प झाला की माझं कोपर झोपेतही चालायचं. मग त्या दिवशी दोन पोती मिरच्या भाजल्या, सोलल्या. अंगात जीव नव्हता. तो गप्प झाला. मी जागी होते, लुबेन. म्हटलं, देवा, एवढी एक रात्र झोपू दे मला.”

तिनं टेबलावरची बरणी डॉक्टरकडे सरकवली.

“देवानं ऐकलं.”