बाबांच्या ॲम्पचं बटण

"मग येऊच नकोस," मुलगी म्हणाली आणि तिने पेचकस टेबलावर आपटला.

आई दारात उभी होती, एक हात पाठीशी. स्वयंपाक करतानाही ती अशीच उभी राहायची. त्या पाठीशी ठेवलेल्या हाताचा मुलीला आज सकाळपासून राग येत होता.

पाच वाजता बाबांची शोकसभा होती. त्यांच्या बँडची सगळी म्हातारी मंडळी येणार होती, आणि बाबांनी घरी बनवलेल्या ट्यूबच्या ॲम्पवर मुलगी गिटार वाजवणार होती. बाबांचं एकच काम राहून गेलं होतं. कामाच्या वहीत पेन्सिलने आकृती काढलेली होती: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग तारेने मागे आणून आत उलटा मिसळायचा, म्हणजे ॲम्पचा आवाज निवळतो. बटण बंद केलं की पुन्हा मोकळा, खरखरीत. निगेटिव्ह फीडबॅक. ते बटण ती आज बसवणारच होती.

"सगळे ह्यांच्या हातातल्या कसबाबद्दल बोलणार," आई म्हणाली. "मला नाही ऐकायचं."

"तुला कधी होतं कौतुक? बिचारे दार लावून काम करायचे. आम्हाला आत जायची बंदी. तू मात्र चहा घेऊन गेलीस की तास तास डोकं खायचीस त्यांचं."

"हो," आई म्हणाली.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने शेवटच्या तारेला डाख दिला, प्लग लावला, गिटारची तार छेडली आणि बटण दाबलं.

निवळायचं सोडून ॲम्प किंचाळला. तिने प्लग उपटला. साडेतीन झाले होते. आकृती पुन्हा पाहिली, तारा पुन्हा तपासल्या. कुठेच चूक नव्हती. रडू फुटत होतं, आणि आईसमोर तर मुळीच रडायचं नव्हतं. तिने दोन्ही हात ॲम्पच्या खोक्यात घातले.

"हात काढ."

आईचा आवाज चढला नव्हता, पण हात आपोआप बाहेर आले.

"प्लग काढलाय मी."

"तरी आत करंट साठून राहतो. दोन्ही हात घातले तर छातीतून जातो, एक नेहमी पाठीशी ठेवायचा. सरक."

आईने शिवणाच्या डब्यातून, रिळांच्या खालून, टोकांना चिमटे लावलेली एक जुनी तार काढली. एक हात पाठीशीच ठेवून तिने ती आत लावली, साठलेला करंट उतरेपर्यंत थांबली. मग ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा सोडवल्या, अदलाबदल केली, डाख दिला.

"मागे येणारा आवाज उलटा मिसळायला हवा. तुझा सुलटा मिसळत होता. ते जोडून बघितल्याशिवाय कळत नाही."

प्लग लावला. बटण दाबलं. ॲम्प निवळला.

मुलगी बघत राहिली. राग अजून उतरला नव्हता, नुसती दिशा बदलली होती.

"तुला शिकवलं त्यांनी. मग मला का नाही?"

आईने वही मिटली.

"दोन वर्षं शिकवून बघितलं मी त्यांना," ती म्हणाली. "शेवटी म्हटलं, तुम्ही आपला चहा प्या."