मीठ तेवढं बाहेरून

मूठभर काळी माती. दाबली की लाडवासारखी वळते.

अकोटकडून आलेली बैलगाडी. ओल्या गोणपाटाखाली मडकीच मडकी. "लग्न हाये घरी," गाडीवान म्हणतो.

विहिरीच्या कठड्यावर हळदकुंकू, अजून ओलं.

"मिठाबिगर काही इकत घ्या लागू नये, असं गाव पाय." बायको मनकर्णा, घरून निघताना, उंबऱ्यातून.

एवढं सहदेव माळ्याच्या डोक्यात जमा झालं होतं, आणि अजून दुपारही व्हायची होती.

अचलपूरकडच्या मालकानं भाजीचे मळे कपाशीखाली घेतले होते. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव. वांगी कोणाला हवीत? अकरा कुटुंबांना दिवाळीआधी बिऱ्हाड हलवायचं होतं. कुठं, ते सहदेवनं पाहून यायचं. तो म्हणेल ते गाव.

बोरखेडचा रामराव पाटील त्याला हौसेनं फिरवत होता. जमिनीतलं पेव उघडून दाखवलं. आत ज्वारी गच्च. सहदेवनं ओंजळभर घेऊन हुंगली. कीड नाही, कुबट वास नाही. गायरान मोठं. विहीर तुडुंब.

"पानी शेंदून पायतो, पाटील."

"आज देवीचा वार, भाऊ. सांजेलोक विहिरीत दोर सोडत नाही आमी. घरी चाला, रांजणातलं प्या. तेही इथलंच."

सहदेवनं कठड्याला हात जोडले.

रांजणातलं पाणी गोड होतं. तो दोन तांबे प्यायला.

"एवढं गोड पानी, अन् गावात एक भाजीचा वाफा नाही. काहून?"

"कपाशी सोडून वांगे कोन लावते? अन् वेचाले मानूस भेटून नाही राहिला. तुमी या. वांगेही लावा, चार दिस कापूसही वेचा."

पाटलीण दुर्गाबाईनं भाकरी वाढली, वर तुरीचं वरण. सहदेवनं पहिला घास घेतला आणि थांबला.

"वहिनी, मीठ राह्यलं वाटते."

दुर्गाबाईचा हात तव्याजवळच अडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. घरात मीठ नव्हतं. शेजारणीकडे नव्हतं. शेवटी कोणीतरी गोठ्यातून, गुरांना चाटायला ठेवलेला खडा फोडून आणला.

"सारं गाव अळणी जेवते काय?" सहदेव हसला.

"लमाणाचा तांडा आला नाही यंदा," रामराव म्हणाला. "त्याचेही बैल कापूस वाहून राहिले."

सहदेवला ते पटलं. उलट बरंच वाटलं. एवढ्या चांगल्या गावात एखादी खोट असलेली बरी. सगळंच जुळलं असतं तर त्याला संशय आला असता.

तिसऱ्या दिवशी तो घरी पोचला. अकराही घरची माणसं अंगणात बसली होती.

"माती?" मनकर्णानं विचारलं.

"लोन्यावानी."

"दानापानी?"

"पेव भरलेलं. पानी गोड."

"अन् इकत?"

"मीठ तेवढं."

मनकर्णा खुदकन हसली आणि उठून चुलीवरची भांडी उतरवू लागली. आठवड्यात अकरा गाड्या जुंपल्या. वांग्या-मिरच्यांचं बी तिनं पदरात गाठ मारून घेतलं होतं.

दुर्गाबाई लग्न होऊन बोरखेडात आली त्याला तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिनं वरणात कधी मीठ घातलं नव्हतं. विहिरीचं पाणी ओतलं की पुरे होई.