किरणाची पूजा

सकाळपासून मीटरचा काटा हलला नव्हता, म्हणून नंदकुमारही खुर्चीवरून हलला नव्हता.

मसाटच्या त्या कारखान्यात लेसर बनत. टेबलावर चालू होता तो एकच उरला होता. दुपारी पुण्याचे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर तासभर किरणाचा जोर एकसारखा राहिला तर ऑर्डर, नाहीतर दसऱ्यानंतर गेटला कुलूप. शेठनी हे पेढा देत देत सांगितलं होतं.

लेसरची नळी म्हातारी होती. नंदकुमारने तिच्यावर राखण बसवली होती. किरणाच्या वाटेतली एक काच चिमूटभर उजेड बाजूला काढून सेन्सरला दाखवी. उजेड कमी वाटला की सेन्सर नळीची वीज वाढवी. काटाही त्या सेन्सरचंच ऐके.

त्या दिवशी खंडेनवमी होती. बाकीची यंत्रं बंद झाली, पुसली गेली, त्यांना हळदकुंकू लागलं. लेसर बंद करायची कुणाची छाती होईना. परत उठलाच नाही तर? तेव्हा चालू लेसरचीच पूजा करायचं ठरलं. पूजेआधी हात धुवायला म्हणून नंदकुमार तेवढा उठला.

जोडणीवरच्या कमळाबाईने झेंडू वाहिला. तिचा नवरा कारभारी याने उदबत्त्यांचा जुडगा पेटवून काचेपाशी खोचला. अगदी देवाच्या तोंडासमोर.

धुरात लालभडक रेघ उमटली. आजवर भिंतीवर नुसता ठिपका दिसायचा.

"दिसला गं बाई!" कमळाबाई म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले. दारात आलेल्या नंदकुमारचेही ओले हात आपोआप जुळले.

मग त्याला कळलं. सेन्सरला धुराचं काय माहीत? त्याला वाटलं उजेड घटला. तो वीज वाढवत गेला. काटा जागचा हलला नाही. नळी घरघरली, आणि रेघ गेली.

"सायेब, आमचं काही चुकलं का?" कमळाबाईने विचारलं.

नंदकुमारने सगळ्यांकडे पाहिलं. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या.

"नाही हो. वय झालं होतं तिचं."

कमळाबाई नवऱ्याकडे वळली. "म्या सांगितलं होतं, पुरा पुडा लाव. यानं अर्धाच लावला. देवाच्या कामातबी हात आखडतो!"

कारभारीने मान खाली घालून खिशातला उरलेला अर्धा पुडा टेबलावर ठेवला.

गेटवर जीपचा हॉर्न वाजला. नंदकुमारने काडी ओढली आणि उरलेल्या उदबत्त्या एकेक करून लावल्या.