तीन वार

उरलेली मासळी रोज मातीमोलानं विकावी लागू नये म्हणून सातपाटीच्या मंजुळाने ऑनलाइन लिलावात एक जुना डीप फ्रीजर जिंकला. पैसे भरले, पावतीही आली. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या व्यापाऱ्याचा, धीरजशेठचा, मोबाइलवर निरोप आला, "फ्रीजर बिघडला. विक्री रद्द." मंजुळा थेट त्याच्या गोदामात गेली. फ्रीजर चालू होता. तिने झाकण उचललं, तर आत बर्फाचा जाड थर. "दुसरा जास्त देतोय, मावशी," शेठ खुर्चीतून न उठता म्हणाला. "पैसे परत घ्या आणि निघा. ऑनलाइन लिलाव तुमचं काम नाही." मंजुळा हसली. "तीस वर्षं बंदरावर लिलाव करते मी. एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं की माल घेनाऱ्याचा. मग शब्द फिरवला, तर त्याला कुनी दारात उभं करत नाय. कायदा पन तेच सांगतो." तिने चालू फ्रीजरचा व्हिडिओ काढला आणि ग्राहक आयोगात तक्रार केली. सुनावणीच्या आदल्या दिवशी शेठ टेम्पोत फ्रीजर घालून तिच्या दारात आला. "गैरसमज झाला, मावशी. तक्रार मागे घ्या." "गैरसमज नाय, शेठ. तुमी खोटं बोललात. तसं लिवून द्या." शेजारणी गोळा झाल्या होत्या. शेठने मान खाली घालून लिहिलं, सही केली. मंजुळाने तो कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच टेम्पोवाल्याला म्हणाली, "उतरव रे."