उसना क्वार्टरबॅक

बुधवारी सकाळी ऑरिन लंगडत सरावाला आला आणि टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची बचावफळी खूश झाली. त्याच्या पायाला काहीही झालं नव्हतं. येत्या रविवारी सामना डुलुथशी होता. डुलुथचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सांगून चेंडू फेकणारा गडी, डाव्या पायानं लंगडायचा, म्हणून ऑरिनही लंगडत होता.

नव्यानं निवडून आणलेल्या पोराला तयार करायची प्रशिक्षक गस रायनहार्टची हीच रीत होती. पहिलं वर्षभर त्यानं सरावात समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकचं सोंग घ्यायचं आणि आपल्याच माणसांकडून आपटून घ्यायचं. रविवारी खरा चेंडू हातात घ्यायचा तो मर्ल डेव्हलिननं. मर्लची चाळिशी जवळ आली होती. गालात तंबाखू असायची आणि शिवीशिवाय वाक्य पुरं होत नसे.

ऑरिन ट्वेट नॉर्थ डकोटातल्या पाद्र्याचा मुलगा. सांगितलेलं काम मनापासून करणारा. एका आठवड्यात त्यानं कुणाचा घोगरा आवाज उचलला, दुसऱ्या आठवड्यात कुणाची पँट वर ओढायची सवय. चेंडू मागे सरकवून देणारा स्टॅश कोवालिक कडेला उभा राहून पोट धरून हसायचा. "काय हुबेहूब करतो रे! याला सर्कशीत पाठवा, आपलं पोट तरी भरेल!"

गस हसत नव्हता. "पोरगं गुणी आहे," तो मर्लला म्हणाला, "पण त्याचं स्वतःचं काय आहे? नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत याला घेतलं म्हणून मालक माझं डोकं खातो. हा मोसम संपेपर्यंत काही दिसलं नाही, तर देऊन टाकतो कुणालातरी." गसला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ऑरिननं सगळं ऐकलं आणि तो लंगडत पुढच्या डावाला गेला.

तेव्हा मैदानावर खरं गवत असायचं आणि डिसेंबरात त्याचा नुसता चिखल व्हायचा. त्या चिखलात रविवारी, सामना संपत आला असताना, डुलुथच्या दोघांनी मर्लला असं आपटलं की त्याचा खांदाच निखळला. टोलेडो चार गुणांनी मागे होतं. जिंकायला एक टचडाऊन हवा होता, म्हणजे चेंडू मैदानाच्या पार टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण.

"जा पोरा," बाकावर बसत मर्ल म्हणाला. "आणि देवाशपथ, लंगडू नकोस."

मैदानात दहाजण कोंडाळं करून उभे होते. डाव सांगायचा होता ऑरिननं, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. कोणत्या आवाजात बोलावं हेच त्याला कळेना. मग त्यानं गाल फुगवला, चिखलात थुंकला आणि मर्लची सगळ्यात घाणेरडी शिवी मर्लच्याच घशातून हासडली.

स्टॅश फिस्सकन हसला. "अरे मर्ल, तू बाहेर बसला होतास ना?" सगळे हसले आणि जोशात जागेवर गेले.

ऑरिन मर्लसारखा मागे सरकला, त्यानं मर्लसारखा खांदा पाडला, मर्लसारखं आधी डावीकडे पाहिलं. डुलुथचा आडदांड बचावपटू तिथे आधीच पोचलेला होता. त्यानं ऑरिनला झोपवलं. पुढच्या डावातही तेच झालं. या वेळी तो त्याच्या छातीवरच बसला.

"बाळा," तो प्रेमानं म्हणाला, "आमच्याकडेही एक नवं पोरगं आहे. आठवडाभर मर्ल होऊन खेळतंय. खरं सांगू? त्याचा मर्ल तुझ्यापेक्षा बरा आहे."

पडल्यापडल्याच ऑरिनला हसू फुटलं. कोंडाळ्यात परतला तरी ते थांबेना. घड्याळात एकाच डावापुरता वेळ उरला होता.

"दात काय काढतोस? डाव सांग!" स्टॅश खेकसला.

"तुम्ही सगळे पळा. जो मोकळा दिसेल त्याच्याकडे टाकतो."

"हा काय डाव झाला?"

"नाही झाला," ऑरिन म्हणाला. "पण पळा तरी."

आवाज बारीक होता, जरासा चिरका. तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ते पळाले.

चेंडू हातात येताच ऑरिन उलट्या दिशेनं सुटला. एकाच्या काखेखालून निसटला, स्वतःभोवती गरकन फिरला, चिखलात घसरला, आणि पडतापडता त्यानं एका पायावर, कमरेजवळून, दगड भिरकावावा तसा चेंडू भिरकावला. इतका वेडावाकडा चेंडू टोलेडोत कुणी पाहिला नसेल. तो डुलतडुलत पार कोपऱ्यात गेला आणि तिथे एकट्याच उभ्या असलेल्या टोलेडोच्या गड्यानं तो छातीशी धरला. टचडाऊन!

मर्लनं तंबाखू गिळली. गस टोपी फेकून देऊन चिखलातच नाचू लागला. आणि डुलुथचा तो आडदांड बचावपटू गुडघ्यांवर बसून आपल्या प्रशिक्षकाच्या नावानं ओरडत होता, "अहो साहेब, हा कोण? हा तर आम्हाला दाखवलाच नव्हता!"