स्वागताची पाटी

एकाच गाडीतून दोन परिषदा उतरल्या, तेव्हा नॉर्मन काळा कोट घालून, विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसून फाटकाशी तयार होता.

म्हणजे गावांचा कारभार बघणारी परिषद आता एकच होती. एक एप्रिलला धाकटी आणि थोरली अशा दोन्ही मोडून सबंध परगण्याची मिळून एक केली गेली होती. माणसं जुनीच. टॅमसिन पूर्वी धाकट्या परिषदेत घरांचं बघायची, पिंचबेक थोरलीत रस्त्यांचं. आता दोघांच्या अंगात एकाच रंगाची जाकिटं होती आणि दोन्हीही मापाला जरा मोठी होती.

"आलात बाई एकदाचे!" नॉर्मनची बायको मेव्हिस दारातून टॅमसिनला म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही सांगायचात, थोरलीला विचारा. हे सांगायचे, धाकटीला विचारा. आता विचारायला एकच उरलीय."

धाकट्या परिषदेनं दारापासून फाटकापर्यंत खुर्चीसाठी सुरेख उतार बांधून दिला होता. फाटकाबाहेरचा फुटपाथ थोरलीचा. त्याची कड रस्त्यापासून वीतभर उंच, आणि ती उतरती करून द्यायची तेवढी राहिली होती. फुटपाथ एका बाजूला भिंतीला जाऊन थडकायचा, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांवर संपायचा. चर्च बरोबर समोर, रस्त्यापलीकडे.

पिंचबेकनं वाकून कड पाहिली. "उंच आहे," तो म्हणाला.

"आम्हाला संशय होताच," नॉर्मन म्हणाला.

टॅमसिन फाटकाच्या आत उभी राहून उतार पाहत होती. फाटकाची रेघ दोघांपैकी कुणीच ओलांडली नाही.

"उतार उत्तम आहे," ती म्हणाली. "आमच्याकडून काम पूर्ण. कड रस्ते विभागाची."

"कड मी आज खाली घेईन हो," पिंचबेक म्हणाला. "पण ती एका घरासाठी घ्यायची. म्हणजे गृह विभागानं सांगायला हवं."

"अहो, पण तुम्ही दोघं आता एकाच परिषदेत ना?" मेव्हिसनं विचारलं.

"एकाच मजल्यावर," टॅमसिन म्हणाली. "खिडकी त्यांच्या बाजूला आलीय."

समोरच्या मनोऱ्यातून एक घंटा वाजली, आणि तिच्यामागून तिचाच दबका आवाज. घंटेच्या लोलकाला एका बाजूनं कातडं बांधलं होतं. गावात कुणी गेलं की बांधतात.

"तुमचं चालू द्या," नॉर्मन म्हणाला. "मी निघतो. आज सिरिलला पुरायचंय."

सिरिलनं आणि नॉर्मननं जन्मभर त्या घंटा वाजवल्या होत्या. पाय गेल्यावर नॉर्मन खुर्चीत बसून नुसता पुकारा करायचा, कुठल्या घंटेनं कुणामागून वाजायचं ते. पुकारा चुकला की सगळ्या घंटा एकमेकींच्या अंगावर येतात. माझ्या वेळेला पुकारा तुझाच हवा, दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही, असं सिरिलनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आणि ही जड खुर्ची नॉर्मनसकट चौघांना उचलेना, तेव्हा रस्ताही सिरिलनंच काढून दिला होता.

तो रस्ता म्हणजे कडेवरून रस्त्यावर तिरकी टाकलेली एक जाड फळी. खुर्ची तिच्या दिशेनं वळली.

पिंचबेकनं हात आडवा केला. "हे काय आहे?"

"फळी," नॉर्मन म्हणाला.

टॅमसिन आता फाटकाबाहेर आली. चाकांच्या वळांखाली एक राजहंस दिसत होता, आणि त्याच्याखाली अक्षरं: हॅम्बरलीत आपलं स्वागत असो.

"ही आमच्या जुन्या परिषदेची पाटी आहे," ती म्हणाली.

"वेशीवरची. एप्रिलमध्ये तुम्हीच काढून कचऱ्यात टाकलीत," मेव्हिस म्हणाली. "सिरिलनं तिथनं आणली."

"जुनं चिन्ह बाहेर कुठं दिसायला नको, असा आदेश आहे."

"आणि माझ्या रस्त्यावर अडथळा आहे," पिंचबेक म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बरीच वर्षं हुडकत असलेलं काहीतरी अचानक सापडावं, तसे दोघांचे चेहरे उजळले.

"त्यांना पलीकडे तरी जाऊ द्या," मेव्हिस म्हणाली. "मग खुशाल न्या. हे बघा, मी हात जोडते."

"पाहिली नसती तर गोष्ट वेगळी होती," टॅमसिन खरोखरच हळहळून म्हणाली. "आता पाहिलीय. यांना काही झालं, तर ते आमच्यावर येईल."

"मग तुम्ही उचला त्यांना."

"माणूस उचलण्याचं प्रशिक्षण आमचं झालेलं नाही," पिंचबेक म्हणाला. "वस्तूंचं झालंय."

त्यांनी पाटी फुटपाथवर ओढून घेतली. तिनं एक टोक धरलं, यानं दुसरं. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून, शिकवल्याबरहुकूम. दोन्ही परिषदांनी मिळून केलेलं हॅम्बरलीतलं हे पहिलं काम, आणि ते झालंही फार सुबक.

पलीकडे सगळ्या घंटा एकदम सुरू झाल्या. तिसरी पुढं घुसली, पाचवी तिच्यावर आदळली. नॉर्मनचे ओठ हलले. मेव्हिसनं त्याच्या कोटाची कॉलर उगाचच नीट केली.

पाटी सांभाळत पिंचबेक पाठमोरा गाडीकडे सरकत होता.

"अहो, जपून," नॉर्मन म्हणाला. "कड उंच आहे."